डाव्या खांद्याखालचं पाणी

"पाणी गढूळ येतं का?"

अण्णांचा पहिला प्रश्न हाच. उद्यापासून आठवडाभर एका धरणाच्या तपासणीला चाललेय, डोंगरात रेंज नसेल, काळजी करू नका, एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. धरण किती उंच, कुणाचं, कधीचं, यातलं त्यांनी काही विचारलं नाही.

अण्णा तीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात लहान-मध्यम धरणांवर शाखा अभियंता, आणि धरणं सगळी मातीची. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यामागे एम-८० वर बसून धरणावर जायचे. भरावाच्या पायथ्याशी एक दगडी चेंबर असायचा आणि त्यात लोखंडी पत्र्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडलेली, ती व्ही-नॉच. अण्णा वाकून पट्टीवरचा आकडा वाचायचे, नोंदवहीत लिहायचे. मग पिशवीतून काचेची बाटली काढून पाणी भरायचे आणि सदऱ्याच्या पांढऱ्या बाहीसमोर धरून बघायचे. मातीच्या धरणातून पाणी पाझरणारच, पण ते नितळ हवं. गढूळ झालं म्हणजे भरावातली माती सोबत घेऊन ते निघालंय, आणि मग हातात वेळ थोडा असतो. हे मला इंजिनियरिंग कॉलेजात शिकायच्या कितीतरी आधी माहीत होतं.

मी कॅलिफोर्नियात जिओटेक्निकल, म्हणजे माती-खडकाच्या कामांची, इंजिनियर म्हणून अकरा वर्षं काम करतेय. तटबंध, पुलांचे पाये, दरडी असं बरंच केलं होतं. पण धरणाच्या पूर्ण सुरक्षा तपासणीच्या टीममध्ये माझं नाव पहिल्यांदाच लागलं होतं. धरण सिएरा नेवाडाच्या डोंगरात, १९५० च्या दशकातलं, दगडी भरावाचं, उंची साधारण २६० फूट. मालक एक खासगी वीज कंपनी. धरणाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. नकाशे आणि अहवाल गोपनीय असतात आणि तसा करार माझ्या सहीचा आहे.

"धरण खासगी कसं काय असतं?" हे आईने विचारलं. आपल्याकडे धरण म्हणजे सरकारचंच, असं डोक्यात पक्कं असतं. मी म्हटलं, आई, लोणावळ्याला जाताना वळवणचं धरण बघतेस ना, ते टाटांचं. शिरवत्याचं, मुळशीचंही त्यांचंच. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून ती बांधली आणि १९१५ पासून खोपोलीत वीज तयार होऊ लागली. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तो एका खासगी कंपनीच्या धरणाविरुद्ध होता. अमेरिकेत तर निम्म्याहून जास्त धरणं खासगी मालकीची आहेत. बरीचशी शेततळ्याएवढी, पण काही अशी की खाली वस्ती आहे.

खासगी असलं तरी मालकाची मर्जी चालत नाही. जलविद्युत धरणांना केंद्राच्या फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनचं लायसन्स लागतं. बोलताना सगळे नुसतं ‘फर्क’ म्हणतात. शिवाय कॅलिफोर्निया राज्याचा स्वतःचा धरण सुरक्षा विभाग आहे. १९२८ साली लॉस एंजेलिस शहराचं सेंट फ्रान्सिस धरण फुटून चारशेवर माणसं गेली, त्यानंतर १९२९ पासून तो सुरू झाला. ठरावीक उंचीच्या वरच्या किंवा खाली माणसं राहत असलेल्या धरणांची दर पाच वर्षांनी बाहेरच्या सल्लागाराकडून तपासणी करून घ्यावीच लागते. सल्लागाराला फर्कची मंजुरी लागते, मात्र त्याचं बिल मालक भरतो. हे मला सुरुवातीला खटकलं होतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. आमच्या टीमच्या प्रमुखबाई चाळीस वर्षं या धंद्यात आहेत. त्या म्हणाल्या, "बिल कोण भरतं ते विसरायचं नाही. रोज सकाळी आठवायचं, म्हणजे लेखणी कुठे वळतेय ते कळतं."

काम सुरू झालं ते खोक्यांपासून. जुने नकाशे, बांधकामाचे फोटो, साठ-पासष्ट वर्षांच्या गळतीच्या नोंदी. फोटो बघताना मी तासन् तास हरवून जायचे. दगडी भरावाची धरणं हा मूळचा याच डोंगरांतला प्रकार. १८५० च्या दशकात सोनं शोधायला आलेल्यांना खाणीसाठी पाणी साठवायचं होतं. सिमेंट डोंगरात आणणं महाग, पण दगड आणि सुरुंगाची दारू हाताशी. त्यांनी दगडांचे ढीग रचले आणि पाण्याच्या बाजूला लाकडी फळ्या ठोकल्या. पुढे फळ्यांच्या जागी काँक्रीटचे स्लॅब आले. मोकेलम्नी नदीवरचं सॉल्ट स्प्रिंग्ज धरण १९३१ साली पूर्ण झालं तेव्हा ३२८ फुटांचं होतं.

पाणी अडवतो तो पुढचा स्लॅब, आणि स्लॅबला मागून आधार देतो तो दगडांचा ढीग. आमच्या धरणाच्या फोटोंत ट्रक उंचावरून जीपएवढाले दगड खाली लोटतायत आणि माणसं जाड होजपाइपने त्यांच्यावर पाणी मारतायत. हे पाणी मारणं फार महत्त्वाचं. कोरडे दगड टोकांवर टेकून उभे राहतात. ओले झाले की टोकं चुरतात आणि सगळा ढीग खाली बसतो. तो धरण भरल्यावर बसण्याऐवजी बांधतानाच बसावा म्हणून दगडाच्या दुप्पट-तिप्पट पाणी ओतायचे. १९६० नंतर कंप देणारे रोलर आले, पातळ थर दाबून बांधायची पद्धत आली आणि बसण्याचं प्रमाण खूप घटलं. आमचं धरण मात्र जुन्या पद्धतीचं, लोटलेल्या दगडांचं. अशी धरणं वर्षानुवर्षं खाली बसत राहतात, हळूहळू, दरवर्षी आधीपेक्षा कमी.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही वर गेलो. बर्फ वितळून तलाव काठोकाठ आला होता. बघायचं ते भरलेलं असतानाच बघायला हवं. पहिल्या दिवशी माथ्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो, मग मागच्या उतारावरून खाली. उतार कसला, दगडांवरून दगडांवर उड्या. धरणाचा राखणदार सोबत होता. इथे त्याला डॅम टेंडर म्हणतात. आपल्याकडच्या चौकीदारासारखं त्याचं घरही धरणाजवळच. वय साठीचं आणि तिथली नोकरी अठ्ठावीस वर्षांची. कुठला दगड मागच्या हिवाळ्यात हलला ते तो बोट दाखवून सांगत होता.

पायथ्याशी उतरल्यावर पाण्याचा आवाज यायला लागला. दगडी भरावातून पाणी येतं हे नवल नाही. मोठ्या दगडांतून ते वाट काढून निघून जातं, भरावाला त्याचं काही वाटत नाही. मातीच्या धरणापेक्षा हा प्रकार या बाबतीत सोशिक. काळजी असते ती जिथे भराव डोंगराला टेकतो त्या सांध्याची, कारण तिथे झिजलेला खडक असतो आणि त्यातला चुरा पाण्याबरोबर सरकू शकतो. आमच्या धरणाचा डावा खांदा तसा होता. त्याच्याखाली लहानशी शेड, शेडमध्ये काँक्रीटची टाकी, आणि टाकीच्या तोंडाला व्ही-नॉच.

मी वाकून पट्टी वाचली. सहा इंच.

शेजारच्या भिंतीवर पाणी सुकून आलेले पांढुरके पट्टे होते, अण्णांच्या चेंबरमध्ये असायचे तसेच. आम्हाला ऑफिसात आकडे मिळतात ते कॉम्प्युटरवरच्या आलेखातून, त्यामुळे असं वाकून वाचायची वेळ कधी आली नव्हती. नव्वद अंशांच्या खाचेत सहा इंच म्हणजे मिनिटाला साधारण २०० गॅलन. त्याचे सात इंच झाले तर एकच इंच वाढला असं वाटतं, पण पाणी जवळजवळ दीडपट झालेलं असतं. म्हणून अण्णा अर्ध्या सेंटिमीटरसाठी पुन्हा वाकायचे.

मी काचेची बरणी भरून कागदासमोर धरली. नितळ. राखणदार माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "रात्रभर ठेव." ती बरणी मी केबिनच्या खिडकीत ठेवली. सकाळी उन्हात तिच्या तळाशी चमचमणारी बारीक रेघ दिसली. चिमटीत मावेल एवढाही चुरा नव्हता. अभ्रकाचे कण. इथला खडक ग्रॅनाइटचा, अभ्रक त्यातलाच. राखणदार म्हणाला, तलाव चढतो तेव्हा दर वसंतात थोडं येतं, उन्हाळा संपला की थांबतं. किती येतं? हाताचा अंगठा तर्जनीला लावून त्याने दाखवलं. अठ्ठावीस वर्षं तो ते बघत आला होता, पण कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. नोंदींच्या तक्त्यात मिनिटाला किती गॅलन याचा रकाना होता. पाण्याबरोबर काय आलं याचा रकानाच नव्हता.

त्याच रात्री दुसरी गोष्ट सापडली, आणि ती मला अजून अस्वस्थ करते.

अहवालासाठी माथ्याच्या पातळ्यांचा तक्ता बनवायचं काम माझ्याकडे होतं. माथ्यावर पाण्याच्या बाजूला काँक्रीटची कमरेएवढी भिंत आहे, लाटा थोपवायला. भिंतीच्या कडेने पितळेचे गोल बिल्ले बसवलेत आणि सर्व्हेवाले दरवर्षी त्यांची उंची मोजतात. धरण बांधताना मध्यभागी मुद्दाम उंचवटा ठेवतात, पुढे बसल्यावर सरळ व्हावं म्हणून. आमच्या धरणाने तो उंचवटा कधीच खाऊन टाकला होता. ताज्या मोजणीनुसार मधली भिंत मूळ नकाशातल्या पातळीपेक्षा १४ इंच खाली होती. जुन्या लोटलेल्या दगडांच्या धरणाला हे काही फार नाही.

दुसरा कागद विजेच्या विभागाचा. तलावाचं पाणी धोक्याच्या पातळीला पोचलं की वीजघरात भोंगा वाजवणारा फ्लोट स्विच भिंतीजवळ होता. तो लावला होता भिंतीच्या माथ्यापासून एक फूट खाली. पण कुठल्या भिंतीच्या? नकाशातल्या. म्हणजे १२ इंच खाली. आणि मधली भिंत १४ इंच खाली गेलेली. तलाव तिथवर चढलाच, तर मधल्या भागावरून पाणी दोन इंच वाहू लागल्यावर भोंगा वाजणार होता.

दोन्ही कागद त्याच कंपनीचे, दोन्ही बरोबर. दोन वेगळ्या विभागांच्या दोन वेगळ्या फायलींत ते वर्षानुवर्षं पडून होते आणि कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितले नव्हते. सकाळी सहाला मी लेव्हलचं यंत्र आणि स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उंच पट्टी, घेऊन माथ्यावर गेले, राखणदाराने स्टाफ धरला. तीनदा मोजलं. फरक तोच आला.

पुढचे दोन दिवस खाली वीजघराच्या बैठकीच्या खोलीत गेले. या बैठकीला एकच विषय असतो: हे धरण फुटलं तर कसं फुटेल? मालकाचे इंजिनियर, वीजघराचे मॅनेजर, राखणदार, राज्याचे आणि फर्कचे अधिकारी आणि आम्ही, सगळ्यांनी मिळून एकेक शक्यता बोलून दाखवायची आणि मग ती पायरीपायरीने भिंतीवर लिहायची. भूकंप होतो, स्लॅबचा सांधा उघडतो, पाणी वाढतं, डाव्या खांद्यातला चुरा निघू लागतो, कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या घरात अभद्र बोलू नये असं शिकवतात. ज्या भिंतीखाली आपण बसलोय ती कशी कोसळेल हे चहा पीत मोठ्याने बोलायला मला पहिला तासभर जड गेलं. नंतर अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आम्ही बोलत नव्हतो. पण पावसाळ्यात रात्री जाग आली की दुसरं काय मनात यायचं? बोललो असतो तर बरं झालं असतं."

भोंग्याचा विषय निघाल्यावर मॅनेजर शांतपणे म्हणाले की सांडवा आहे, तीन मोठी दारं आहेत, साठ वर्षांत पाणी भिंतीच्या पाच फुटांच्या आत कधी आलेलं नाही. ते खोटं बोलत नव्हते. माणूस सरळ होता, धरणावर त्याचा जीवही होता. पण तेव्हा राखणदार, जो सकाळपासून गप्प होता, त्याने १९९७ च्या नववर्षाच्या पुराची गोष्ट सांगितली. उबदार पाऊस बर्फावर पडला आणि एका रात्रीत सगळं खाली आलं. वरच्या जंगलातले ओंडके अडवायला तलावावर साखळदंड असतो, तो तुटला. ओंडके सांडव्याच्या दारांशी येऊन अडकले. त्याच्या आधीचा राखणदार आणि तो, दोघांनी पहाटेपर्यंत करवत चालवून ते मोकळे केले. पाणी भिंतीच्या पाच फूट खाली राहिलं ते त्यामुळे. हे कुठल्याच अहवालात नव्हतं.

मग प्रमुखबाईंनी टॉम सॉकची आठवण दिली. त्या खोलीत सगळ्यांना ती माहीत होती, पण त्यांनी सुरुवातीपासून सांगितली.

मिसुरी राज्यात प्रॉफिट माउंटन नावाच्या डोंगराच्या माथ्यावर १९६३ साली एका खासगी वीज कंपनीने दगडी भरावाचा गोलसर बांध घालून तलाव केला. त्याला पाणलोट क्षेत्रच नाही. रात्री वीज स्वस्त असताना खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, दिवसा महाग असताना खाली सोडून वीज काढायची. पाणी माणूसच भरतो, तर जास्त कशाला होईल, म्हणून सांडवाही ठेवला नव्हता. सगळा भरवसा पाणी मोजणाऱ्या सेन्सरवर. २००४ साली आतून नवं अस्तर लावलं तेव्हा सेन्सरच्या नळ्या नव्याने बसवल्या. त्या पुढे सुटल्या, वाकल्या आणि पातळी खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागल्या. दुसरा पहारा म्हणून वेगळे प्रोब होते, पण तेही खचलेल्या भिंतीच्या सर्वांत खालच्या जागेपेक्षा उंच लावलेले. नळ्या सुटल्याचं कळलं होतं. दुरुस्ती मात्र पुढे ढकलली गेली. १४ डिसेंबर २००५, पहाटे सव्वापाचच्या सुमारास पंप चालूच राहिले, पाणी भिंतीवरून वाहिलं. भरावात बारीक चुरा जास्त होता, तो भिजून घसरला आणि अर्ध्या तासाच्या आत १ अब्ज गॅलनहून जास्त पाणी डोंगर उतरून गेलं. खाली राज्य उद्यान होतं. उद्यान अधीक्षकाचं घर वाहून गेलं. नवरा, बायको, तीन लहान मुलं, पाचही जण वाचली. डिसेंबर होता म्हणून तंबूंची जागा रिकामी होती. जुलै असता तर?

फर्कने कंपनीला १.५ कोटी डॉलर दंड केला. नंतर तिथे दगडी भराव काढून काँक्रीटचं धरण बांधलं, यावेळी जास्तीचं पाणी जायला वाट ठेवून. २०१० पासून ते चालू आहे.

प्रमुखबाई एवढंच सांगून थांबल्या. मॅनेजरांनी स्वतः उठून भिंतीवरच्या कागदावर आमच्या भोंग्याची पायरी लिहिली. तो स्विच उतरवून भिंतीच्या खऱ्या खालच्या बिंदूच्या हिशेबाने लावायला किती खर्च येईल? एका इलेक्ट्रिशियनचे दोन दिवस.

धरण कशासाठी आहे, हा प्रश्न शेवटच्या दिवशी आला, आणि तो इंजिनियर नसलेल्या बाईने विचारला. आणीबाणीच्या आराखड्याचा सराव होता. टेबलाभोवती शेरीफ ऑफिसचे अधिकारी, अग्निशमन दल, आणि खाली नदीकाठी तंबू-केबिनचा कॅम्प चालवणाऱ्या एक बाई. नकाशात धरण फुटल्यास पाणी कॅम्पपर्यंत २५ मिनिटांत पोचतं असं दाखवलं होतं. बाई म्हणाल्या, पण धरण आहे म्हणूनच तर आमच्याकडे पूर येत नाही ना?

कुणी लगेच उत्तर दिलं नाही. हे धरण पूर अडवण्यासाठी बांधलेलं नाही. त्यात पुरासाठी एक इंचही जागा राखून ठेवायचं बंधन नाही. एप्रिल ते जुलै बर्फाचं पाणी साठवायचं आणि पुढे वीज करून विकायची, हा त्याचा उद्देश. आता तर कॅलिफोर्नियात दिवसभर सौरऊर्जा मुबलक असते. सूर्य मावळला की विजेचा भाव चढतो, आणि तेव्हा हे पाणी सोडलं जातं. म्हणजे भरलेला तलाव हा मालकाच्या दृष्टीने भरलेली तिजोरी. तो तिजोरी अर्धी का ठेवील? कॅम्पवाल्या बाईंच्या मनात धरण त्यांची ढाल होती. सरकारी कागदावर त्याच धरणाचा वर्ग ‘हाय हॅझर्ड’. याचा अर्थ धरण कच्चं आहे असा नव्हे. ते फुटलं तर खाली माणसं मरतील, एवढाच त्याचा अर्थ. धरण कितीही धडधाकट असलं तरी त्या बाईंचा कॅम्प तिथे असेपर्यंत हा वर्ग बदलणार नाही. हे त्यांना कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. त्या दिवशी मी सांगितलं, आणि सांगताना मला आमच्याकडची धरणाखालची गावं आठवत होती. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटलं तोवर पुण्यातल्या किती लोकांना माहीत होतं की वर जवान रात्रभर वाळूची पोती रचतायत?

बाईंनी मग व्यवहाराचं विचारलं. कॅम्पमध्ये मोबाइलची रेंज नाही. २५ मिनिटांतली किती मिनिटं मला कळायलाच जातील? भोंगा वीजघरात वाजतो, वीजघर खोऱ्याच्या पलीकडे, तिथून फोन शेरीफला, शेरीफची गाडी कॅम्पला. त्यांनी स्वतः बोटांवर मोजलं. कॅम्पवर थेट सायरन हवा, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटलं.

अहवाल लिहायला तीन महिने लागले. मसुदा मालकाकडे गेला, शेरे आले. बहुतेक शेरे रास्त होते, एकदोन ठिकाणी आमची आकडेमोड सुधारावी लागली. पण दोन बाबतींत त्यांनी सुचवलं की ‘शिफारस’ ऐवजी ‘निरीक्षण’ लिहावं. हा शब्दांचा खेळ नाही. शिफारस लिहिली की अहवाल दाखल झाल्यापासून ६० दिवसांत मालकाला ती कधी आणि कशी पूर्ण करणार याचं वेळापत्रक द्यावं लागतं. निरीक्षण पुढच्या पाच वर्षांच्या फायलीत झोपून राहू शकतं. ते दोन मुद्दे होते डाव्या खांद्याखाली गाळ पकडायची पेटी, आणि कॅम्पवरचा सायरन. भोंग्याबद्दल कुणी वाद घातला नाही, अहवाल जायच्या आधीच तो खाली उतरवून बसवला होता, आणि नुसती कळ दाबून नव्हे तर प्रत्यक्ष पाण्यात बुडवून वाजवून बघितला होता.

प्रमुखबाईंनी दोन्ही ठिकाणी ‘शिफारस’ तसंच ठेवलं आणि सही केली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांना मी नुसतं थँक्यू म्हटलं. आणखी काय म्हणावं सुचलं नाही.

गाळाची पेटी बसली. स्टीलची, दोन कप्प्यांची, महिन्यातून एकदा ट्रे काढून वाळवून वजन करायचं. सायरनचं मात्र अजून ठरलेलं नाही. जागा कुणाची, बॅटरी कोण बदलणार, खोटा वाजला तर जबाबदारी कुणाची, यावर पत्रापत्री चालू आहे. कॅम्पवाल्या बाई मला दर महिन्याला विचारतात. माझं काम अहवालाबरोबर संपलंय, तरी मी त्यांना उत्तर देते आणि पत्राची प्रत फर्कच्या विभागीय ऑफिसला पाठवते.

मागच्या आठवड्यात राखणदाराने पहिल्या ट्रेचा फोटो पाठवला. करड्या स्टीलवर कोपऱ्यात ओंजळीच्या तळाएवढा चमकता चुरा, शेजारी वजनाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी. मी तो लगेच अण्णांना व्हॉट्सअॅपवर टाकला. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय, फोटो मोठा करून बघायला त्यांना वेळ लागला. मग फोन आला.

"वजन दिसलं. पण त्या दिवशी तलावाची पातळी किती होती?"

मी चिठ्ठी परत बघितली. पातळी लिहिलेली नव्हती.

"अगं, पातळीशिवाय या वजनाला काय अर्थ? जूनमधलं एवढं आणि ऑक्टोबरमधलं एवढं, यात जमीन-अस्मानाचा फरक. त्याला सांग, दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहायचे."

विचारून सांगते म्हटलं आणि फोन ठेवून राखणदाराला मेल लिहायला घेतली.